दादासाठी हार्ड डिस्क

६ जानेवारी

प्रिय भावोजी,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. घरातले सगळे ठणठणीत आहेत, एक लॅपटॉप सोडून.

फोनच केला असता. पण हल्ली फोन वाजला की तुमचे दादा स्पीकर लावतात, तोही पूर्ण आवाजात, आणि खुर्ची ओढून शेजारी बसतात. परवा माझ्या मैत्रिणीनं तिच्या सुनेबद्दल जे सांगितलं, ते आता खालच्या मजल्यावरही सगळ्यांना पाठ आहे. अशा फोनवर नवऱ्याची तक्रार करायची कशी? म्हणून शाळेतल्या खेळाच्या खोलीत, चेंडूंच्या जाळीला टेकून लिहितेय. मुलं मैदानावर फेऱ्या मारताहेत. पत्र लांबलं तर बिचाऱ्यांच्या फेऱ्याही लांबतील.

तर लॅपटॉप. सकाळी बटण दाबून मी अंघोळ करून येते, केस विंचरते, तरी पडद्यावर ते गोल गोल फिरतंच असतं. त्यात आठवडाभर आतून टिकटिक येतेय. कुणी नखानं पत्र्याची डबी वाजवावी तशी. थांबते, पुन्हा येते. मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी नेहमीसारखा तळवा ठेवला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "छान चाललंय. मला काही ऐकू येत नाही."

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं जन्मभर कारखान्याच्या दारात उभं राहून आतलं कुठलं शिलाई मशीन आजारी आहे ते सांगितलं, तो म्हणतो ऐकू येत नाही, तर वाद कोण घालणार? मला वाटलं, वर्षानुवर्षं शिट्टी फुंकून माझेच कान वाजताहेत. पण शेजारीणही म्हणाली, "अहो, टिकटिकतंय."

काळजी लॅपटॉपची नाही. त्यात ह्यांचे आवाज आहेत. तुम्हाला माहीतच आहे, नोकरीत असताना एकेक बिघडलेलं मशीन दुरुस्त करण्याआधी हे त्याचा आवाज रेकॉर्ड करून घ्यायचे. ढिला पट्टा, सुका बेअरिंग, पट्टीला घासणारी सुई, सगळं. कारखान्याच्या प्रशिक्षण केंद्रात एक मार्चपासून दुरुस्तीचा वर्ग सुरू होतोय आणि तो ह्यांनी घ्यायचाय. सगळा वर्ग त्या आवाजांवर उभा आहे, आणि ते आवाज दुसरीकडे कुठेही नाहीत. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हे दाढी करून सकाळी नऊला तयार असतात. वर्ग अजून दोन महिन्यांनी आहे, तरीही.

हार्ड डिस्क बदलायला हवी. दुकानात फिरणाऱ्या आहेत, न फिरणाऱ्या आहेत, जाड, पातळ, एक तर बोटाएवढी आहे. तुम्ही मागच्या वर्षी घेतलीत ना? कुठली घेऊ ते कळवा. संस्कृत कमी, माहिती जास्त.

तुमची,
वहिनी

१३ जानेवारी

सौ. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. शास्त्राप्रमाणे त्याला आठ अंगं लागतात. माझे गुडघे संपावर असल्यानं सध्या सातांवर भागवून घ्या.

हार्ड डिस्क या विषयातला अधिकारी पुरुष म्हणून आपण मला निवडलंत, यात घराण्याची बौद्धिक अवस्था स्पष्ट होते. तरीही विचारलंत, तर अनुभव सांगतो. आमच्या शास्त्रात ज्ञान मिळवण्याची साधनं सांगितली आहेत. स्वतः बघणं हे प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं ठरवणं, हे अनुमान. मी विद्वान असल्यानं लॅपटॉप उघडून बघण्याचा हलकेपणा केला नाही. अनुमान केलं. कोश जितका जाड तितका चांगला. डिस्क म्हणजे एक प्रकारचा कोशच. तस्मात् सर्वांत जाड डिस्क घ्यावी. घेतली. ती टेबलावरच्या मोठ्या संगणकाची निघाली. लॅपटॉपच्या पोटात ती घालणं म्हणजे कंपासपेटीत वीट घालणं. दुकानदार म्हणाला, "सर, आधी मागचं झाकण उघडून बघितलं असतंत तर?" चाळीस मुलांना प्रमाणशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं.

तेव्हा आता अनुभवाचे बोल. एक, दादाला झाकण उघडायला सांगा. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायला त्याला आग्रह लागणार नाही. आतली डिस्क तळहाताएवढी चपटी असेल तर नवीही त्याच मापाची लागेल; बोटाएवढी घेऊ नका, जुन्या लॅपटॉपमध्ये तिला बसायला जागाच नसते. दोन, जाडी मोजा. त्याच मापात पातळ येते आणि जाड येते. पातळ डिस्कच्या जागी जाड बसत नाही. तीन, न फिरणारी घ्या, जिला एसएसडी म्हणतात. तिच्या आत काही हलत नाही, त्यामुळे झिजत नाही, आपटली तरी सहसा दगावत नाही, आणि लॅपटॉप तुमचे केस विंचरून होण्याआधी सुरू होतो. फार मोठी नको. आत्ताची जेमतेम अर्धी भरली असेल तर तेवढीच नवी पुरे.

आणि चौथं, खरं म्हणजे पहिलं. टिकटिक म्हणजे फिरणाऱ्या डिस्कच्या आतली सुई चाचपडतेय. असा रोगी कुठल्याही सकाळी उठायचा नाकारतो. नवी डिस्क येवो न येवो, आवाज आधी दुसरीकडे उतरवून घ्या. दादाला म्हणावं, पंडितानं सांगितलंय. मग तो मुद्दाम ऐकणार नाही. तेव्हा म्हणू नका.

मुलांच्या फेऱ्या थांबवल्यात ना?

आपला,
भावोजी

२२ जानेवारी

भावोजी,

तुमच्या चारही सूचना मी वाचून दाखवल्या. एसएसडीवर गाडी अडली. हे म्हणतात, "जे फिरत नाही, गुरगुरत नाही, हाताला काही लागत नाही, ते जिवंत आहे की मेलंय हे कळायचं कसं? मला मुकी वस्तू नको." मी म्हटलं, "अहो, फ्रीजमधल्या दिव्याला तरी कधी विचारलंत, जिवंत आहेस का?" तर म्हणे, "दार उघडलं की दिसतो." घ्या.

आवाज उतरवून घ्यायलाही नाही म्हणतात. "चालतंय ना? चालत्या मशीनला हात लावायचा नाही." ही ह्यांची कारखान्यातली शिस्त.

शनिवारी स्वतःच उठले, मला घेऊन दुकानात गेले आणि फिरणारी मागितली. दुकानदार काचेच्या पलीकडे, हळू बोलणारा, चेहरा अर्धा खाली घालून. त्यानं विचारलं, "पातळ लागते की जाड?" ह्यांनी मान हलवली. तो म्हणाला, "जाड बसेल ना साहेब? बऱ्याच लॅपटॉपना बसत नाही." मान हलवली. "मग जाड देऊ?" मान. मी मनात म्हटलं, मोजून आले असतील. एवढ्या रुबाबात मान हलवणाऱ्याला मध्येच काय विचारायचं!

घरी आलो. तिरकी घातली, सरळ घातली, झाकण काही बसेना. शेवटी दाबून दोन स्क्रू लावले. लॅपटॉप कसा दिसत होता म्हणून सांगू? जेवणानंतर शर्टाची बटणं ताणली गेलेल्या माणसासारखा. ह्यांचा पारा चढला.

"दुकानदारानं विचारायला नको?"

"अहो, तीनदा विचारलं!"

"कधी?"

"तुम्ही मान हलवत होतात तेव्हा!"

"काहीतरी बोलू नकोस. तो अवाक्षर बोलला नाही."

इतका निर्मळ चेहरा करून खोटं बोलणारा माणूस मी शाळेतही पाहिला नाही, आणि मी गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला म्हणणारी मुलं रोज बघते. जाड डिस्क परत गेली. जुनी पुन्हा आत गेली आणि पुन्हा टिकटिकतेय. मी दोन दिवस अबोला धरलाय. ह्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

चिडलेली,
वहिनी

२९ जानेवारी

सौ. वहिनींस,

नमस्कार, यावेळी अंगं न मोजता.

अबोला धरावा आणि समोरच्याच्या तो लक्षातही येऊ नये, यासारखा अपमान नाही. मी आधी पोटभर हसलो. मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू मध्येच अडकलं.

वहिनी, दादा हट्टी आहे, रागीट आहे, माझ्या पांडित्याची टिंगल हा त्याचा व्यायाम आहे. पण तो खोटं बोलत नाही. त्याला तेवढी कल्पनाशक्ती नाही. तो म्हणतो दुकानदार बोलला नाही, तर त्याच्यापुरतं दुकानदार बोलला नसणार. फोन पूर्ण आवाजात. लॅपटॉपवर तळवा ठेवून परीक्षा. शेजारणीला ऐकू येणारी टिकटिक त्याला नाही. आणि डिस्क हवी तर हाताला थरथर लागणारी. एवढा धूर दिसल्यावर डोंगराचं नाव सांगायला विद्वान लागत नाही.

मला वाटतं, दादाला कमी ऐकू येतंय. बारीक आवाज मुळीच येत नसावेत. घरघर, धडधड येत असेल. टिकटिक, कुजबुज, काचेपलीकडचा मऊ माणूस, हे गेलं असेल.

तुमच्या लक्षात कसं आलं नाही म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. आपण अख्ख्या मैदानाला ऐकू जावं अशा बेतानं बोलता. "मीठ द्या" म्हणालात तरी मला सावधान उभं राहावंसं वाटतं. तुमचं बोलणं त्याला स्वच्छ ऐकू येतं, म्हणून घरात सगळं ठीकच भासलं.

माझं अनुमान याआधी कंपासपेटीत वीट घालून बसलं आहे, हे लक्षात ठेवून आधी खात्री करा. चुकलो असेन तर मला आनंद होईल. अशा प्रसंगी तो क्वचित होतो. पण बरोबर असेन, तर दादाच्या कानांनी गोळा केलेली सगळी पुंजी त्या टिकटिकणाऱ्या डिस्कमध्ये आहे, आणि तीच टिकटिक त्याला ऐकू येत नाहीये. घाई करा.

आपला,
भावोजी

६ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं अनुमान बरोबर निघालं. नसतं निघालं तर बरं झालं असतं.

माझं शर्यतीचं घड्याळ आहे ना, बटण दाबलं की बारीक टीं टीं करणारं. हे वर्तमानपत्र वाचत होते. मी मागे उभी राहून ते वाजवलं. काही नाही. जवळ नेलं. काही नाही. अगदी कानाशी नेलं तेव्हा ह्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "मागे का उभी आहेस? सावली पडतेय." मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मग मला राग आला. एवढी वर्षं एका छपराखाली, आणि मला सांगता येऊ नये?

विचारलं सरळ. माझा सूर तुम्ही जाणता. खालच्या मजल्यावरची खिडकी बंद झाली. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "कारखाना सोडायच्या आधीपासून. आधी सुईचा आवाज गेला. मग बॉबिनचा. मग मी हात ठेवायला लागलो. हातानं बरंच कळतं. कुणाला संशय आला नाही." म्हणजे डोळे मिटून तळवा ठेवणं ही जी सगळ्यांना त्यांची सिद्धी वाटायची, ती ही होती.

मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ, कानात यंत्र बसवू, त्यात काय आहे? तर उठले, लॅपटॉप कपाटात ठेवला, किल्ली खिशात. "प्रशिक्षण केंद्राला नाही म्हणून कळवतो. बहिऱ्यानं आवाज शिकवायचे? लोक हसतील, आणि बरोबरच हसतील." दाढी केलेली नाही चार दिवस. कपाटाला कान लावून लॅपटॉप बंद आहे ना एवढं मी बघते. बंद आहे, म्हणजे निदान अजून जिवंत असावा.

केंद्राला पत्र अजून गेलेलं नाही. टेबलावर नुसता कागद आहे, वर तारीख घातलेली, पुढे काही नाही. माझं ऐकत नाहीत. तुमचंही ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे. तरी तुम्ही लिहा.

वहिनी

१० फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,

कोपरापासून नमस्कार.

वहिनींवर रागावू नकोस. त्यांनी चहाडी केली नाही. त्यांनी हार्ड डिस्कची चौकशी केली. उरलेलं मी माझ्या आगाऊपणानं ओळखलं. तेव्हा शिव्या या पत्त्यावर पाठव.

तू म्हणतोस, बहिऱ्यानं आवाज शिकवायचे का? मला एक सांग. चाळिशीत तुला चष्मा लागला, तेव्हा सुईत दोरा ओवायचं सोडलंस का? उलट महिनाभर तो चष्मा साऱ्या कारखान्याला दाखवत हिंडलास, की काचा कशा झकास घासल्यात. नाकावर यंत्र चालतं आणि कानात चालत नाही, हा भेद कुठल्या शास्त्रात आहे? माझी बरीच शास्त्रं वाचून झाली आहेत; मला सापडला नाही.

आता माझ्या धंद्यातलं एक. आमचे ग्रंथ हजारो वर्षं लिहिलेले नव्हते. पाठ करून ठेवलेले होते. ते टिकले कसे? कुणाचा कान अमर होता म्हणून नाही. एका म्हाताऱ्यानं दहा जणांच्या कानांत घातले, त्या दहांनी आणखी शंभरांच्या. एकाच डोक्यात जे राहिलं ते त्या डोक्याबरोबर गेलं. असे किती ग्रंथ गेले याची आम्हाला नावंसुद्धा माहीत नाहीत; कुणीतरी जाता जाता उल्लेख केलेला असतो, तेवढाच.

दादा, तुझे आवाज सध्या एकाच डोक्यात आहेत, आणि ते डोकं टिकटिकतंय. तुला ऐकू येत नाही, मला मान्य. वहिनींना येतं, शेजारणीला येतं. तू आयुष्यभर मालकांना सांगत आलास, "तुम्हाला ऐकू येत नसलं तरी मशीन बिघडलंय, माझ्यावर विश्वास ठेवा." आणि त्यांनी ठेवला. आता एकदा तू कुणावर तरी ठेव.

वर्ग घ्यायचा की नाही हे तू ठरव. त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. पण ज्या कानांनी ते आवाज गोळा केले ते चांगले होते. त्यांचं काम कपाटात बंद ठेवू नकोस. किल्ली वहिनींना दे. आणि डिस्क घे न फिरणारी. ती जिवंत आहे का हे हाताला कळत नाही, खरं आहे. म्हणून तर नकला करून ठेवायच्या. मग एखादी मेली तरी बिघडत नाही.

पत्रात संस्कृत वचन एकही घातलेलं नाही. यावरून परिस्थिती किती गंभीर आहे ते ओळख.

तुझा,
पंडित

२३ फेब्रुवारी

पंडित,

पत्र पोचलं. लांब आहे. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा राग आला होता.

किल्ली दिली. तुझ्या वहिनीनं शेजारणीच्या मदतीनं आवाज दुसऱ्या डिस्कवर उतरवले. सकाळी लावलं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. मध्येच अडकायचं, मग पुढे सरकायचं. शेवटी जुनी डिस्क बंद पडली ती पडलीच. बहुतेक सगळे आवाज आले. सुक्या बेअरिंगचे मात्र गेले. एकही वाचला नाही. आणखी पंधरा दिवस हट्ट केला असता तर काहीच वाचलं नसतं, हे तू लिहायच्या आधी मीच लिहितो.

उतरवताना तुझ्या वहिनीनं फायलींची नावं वाचली. त्यात एक "पंडित बोलतोय" अशी आहे. खडखडाट भरपूर, टाका एकही नाही, अशा मशीनचा आवाज आहे तो. व्यवस्थित वाचलाय. काळजी नसावी.

एसएसडी बसवली. जाडी मोजून. लॅपटॉप झटक्यात सुरू होतो. हाताला काहीच लागत नाही, याची अजून सवय नाही. एक प्रत केंद्रात, एक शेजारणीकडे, एक तुला पाठवतोय. तुझ्या कोशांच्या शेजारी ठेव. ऐकू नकोस, तुला त्यातलं काही कळणार नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी यंत्र दिलं. बोटाच्या पेराएवढं आहे, पण कारागिरी बघण्यासारखी. घरी आल्यावर उघडायला घेतलं तर तुझ्या वहिनीनं स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. नळ गळतोय हे मला माहीत नव्हतं. माझ्या चपला वाजतात. वर्तमानपत्राचं पान उलटताना एवढा आवाज होतो, हे मी विसरलोच होतो. पहिल्या दिवशी डोकं उठलं. दुसऱ्या दिवशी तासभर नुसतं पान उलटत बसलो.

केंद्रात जाऊन साहेबांना सांगितलं, मला ऐकू कमी येतं, कानात यंत्र आहे, दुसरा कुणी बघायचा तर बघा. ते म्हणाले, दुसरा कोण आहे? मी विचार केला, खरंच कुणी नाही. म्हणून एक तारखेला जातोय. भीती वाटतेय. हे घरी बोललेलो नाही.

दादा

४ मार्च

प्रिय भावोजी,

हे लवकर लिहितेय, कारण तुम्ही वाट बघत असाल आणि वाट बघताना तुम्ही श्लोक म्हणता असं ऐकून आहे.

पहिल्या दिवशी मी शाळेतून सुट्टी घेऊन केंद्रात मागच्या बाकावर जाऊन बसले. हे नको म्हणाले होते, म्हणून खांबाआड. वर्गात बहुतेक बाया, कारखान्यात टाके घालणाऱ्या, आता दुरुस्ती शिकायला आलेल्या. हे उभे राहिले, घसा खाकरला, कानातलं यंत्र काढून सगळ्यांना दाखवलं. "हे माझं. हे नसलं की मला सुईचा आवाज येत नाही. तुमच्यापैकी ज्यांना येतो त्यांनी मला सांगायचं, मी नाही म्हणालो तरी सांगायचं." कुणी हसलं नाही. एकीनं विचारलं, "सर, आंघोळीच्या वेळी काढायचं का? माझ्या सासऱ्यांना सांगायचंय." मग सगळे हसले, हेही.

आवाज लावले. ढिला पट्टा सगळ्यांनी ओळखला. घासणारी सुई तिघींनी. मग हे म्हणाले, "सुक्या बेअरिंगचा आवाज माझ्याकडे होता, माझ्या हट्टानं गेला. आता तो तुम्हीच कुठेतरी शोधायचा." एवढं सरळ. भावोजी, घरात हा माणूस चहात साखर जास्त झाली हेसुद्धा कबूल करत नाही.

दुसऱ्या दिवशीही मी सुट्टी काढून खांबाआड होते. एक चाळिशीच्या बाई घरचं मशीन रिक्षात घालून घेऊन आल्या. "सर, हाच असेल तुमचा सुका बेअरिंग. महिनाभर कुईं कुईं करतोय." मशीन टेबलावर ठेवलं. बाईंनी पाय चालवला. हे वाकले. तळवा ठेवायला हात पुढे गेला, मध्येच थांबला, आणि ह्यांनी कान पुढे केला. पुन्हा चालवायला सांगितलं. पुन्हा. मला वाटलं, ऐकू येत नाहीये. मी खांबाआडून निम्मी बाहेर आले होते.

हे सरळ झाले आणि म्हणाले, "हा सुका बेअरिंग नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "मग काय आहे?"

"माहीत नाही," हे म्हणाले. "हा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही."

आणि भावोजी, लॉटरी लागलेल्या माणसाचा चेहरा असतो ना, तसा चेहरा होता तो. सगळ्यांना जवळ बोलावलं, एकेकीला ऐकायला लावलं, दोघींच्या फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. ते मशीन दिवसभर उघडून बसले. बिघाड सापडला नाही, संध्याकाळी बाई मशीन परत घरी घेऊन गेल्या. घरी आले ते त्याच धुंदीत. जेवताना मी काही विचारलं तर म्हणाले, "हळू बोल गं, विचार करतोय." लग्न झाल्यापासून मला हळू बोल म्हणालेला हा पहिला माणूस.

नव्या डिस्कवर त्या आवाजाची फाईल आहे. तिला अजून नाव दिलेलं नाही. कारण सापडल्याशिवाय नाव देत नाहीत. आज रविवार, केंद्र बंद. तरी सकाळीच दाढी करून, हत्यारांची पिशवी आणि डबा घेऊन त्या बाईंच्या घरी गेलेत.

तुमची,
वहिनी